खेळायची राहिलेली फायनल

दिवाळीचे आकाशकंदील उतरवले, फराळाच्या डब्यात तळाशी चिवड्याचा चुरा आणि चकलीचे तुकडे उरले, की नाशिकची हवा एकदम शहाण्यासारखी वागायला लागते. सकाळी गंगापूर रोडला फिरायला येणाऱ्यांच्या डोक्यावर कानटोप्या चढतात, चहाच्या टपरीवरचा धूर जरा जास्त वेळ रेंगाळतो, आणि जो भेटेल तो म्हणतो, काय मस्त थंडी पडलीय. सगळ्यांना हा महिना आवडतो. मला नाही आवडत. या हवेत माझं डोकं सणकतं. कुणी कारण विचारलं तर मी सांगते, कांदा. लोकांना वाटतं कांद्याच्या भावाबद्दल बोलतेय, मग ते बाजारभावाबद्दल बोलत बसतात, आणि मी हो हो करते.

यंदा भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी लासलगावच्या पुढे उज्ज्वलाच्या माहेरी निघाले होते. उज्ज्वला माझी कॉलेजातली मैत्रीण. ती भाऊबीजेला माहेरी येते, आणि मी तिला तिथे भेटायला जाते, हे लग्नं झाल्यापासून ठरून गेलंय. विंचूरच्या फाट्यावरून आत वळले आणि पुढे कांद्याचा ट्रॅक्टर. त्याच्यापुढे ट्रॅक्टर. त्याच्याही पुढे ट्रॅक्टर. दिवाळीच्या सुट्टीनंतर बाजार समितीत लिलाव सुरू व्हायचा पहिला दिवस. हे मला दर वर्षी माहीत असतं आणि दर वर्षी मी त्याच दिवशी निघते. ट्रॉलीतून एक लाल कांदा निसटला, रस्त्यावर टप्पा घेतला, माझ्या चाकाशी येऊन थांबला. नेमका टप्पाच घ्यायचा होता त्याला. मी काच वर केली. तरी वास आत आलाच.

तो वास आला की मी पुन्हा कॉलेजच्या पांढऱ्या व्हॅनमध्ये असते. अंगावर मुलांच्या टीमची जुनी निळी जर्सी, आत टी-शर्ट, मांडीवर बूट, आणि घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून सारखं घड्याळाकडे बघणारी.

आमच्या कॉलेजची मुलींची बास्केटबॉल टीम म्हणजे कशाबशा गोळा केलेल्या सात जणी. कोर्ट लायब्ररीच्या मागे, सिमेंटचं. त्याला दोन रिंगा होत्या हे मान्य, पण चांगल्या रिंगखाली प्राचार्यांची गाडी उभी असायची, कारण त्या बाजूला कडुलिंबाची सावली होती. उरली दुसरी. ती मुलांनी लोंबकळून लोंबकळून पुढे वाकवलेली. नवी बसवा म्हणून आम्ही किती वेळा ऑफिसात गेलो असू. बघू, पुढच्या वर्षी बघू. त्या वाकड्या रिंगवर चेंडू जरा उंचावून, हलक्या हाताने सोडावा लागायचा. आम्ही तसं शिकलो, नाइलाज होता. मग बाहेरच्या कॉलेजात सरळ रिंग समोर आली की आमचा तोच हलका चेंडू पुढच्या कडेला आपटून परत. पहिला अर्धा डाव हात सरळ करण्यातच जायचा. समोरच्या टीमला वाटायचं, कुठून उचलून आणल्यात या. आणि आम्ही कुणाला सांगणार की बाई गं, आमचा नेम चांगला आहे, आमची रिंग वाकडी आहे.

त्यात नवरात्रात कोर्टावर गरब्याचा मांडव. मांडवाच्या बल्ल्यांसाठी सिमेंटमध्ये खड्डे पाडले आणि नंतर ते मातीने बुजवले. चेंडू ड्रिबल करत पळायचं आणि खड्डा आला की तो वर यायचाच नाही, तिथल्या तिथे मेल्यासारखा पडायचा. कुठला खड्डा कुठे आहे हे आम्हाला पाठ झालं होतं. आजही मला त्या कोर्टावर डोळे बांधून सोडा, मी एकही खड्डा पायाखाली घेणार नाही. याचा आयुष्यात काय उपयोग, ते मात्र विचारू नका.

आमचे सर मूळचे कबड्डीवाले. भला माणूस, पण जीव सगळा कबड्डीत. आम्ही डिफेन्सला उभ्या राहिलो की बाहेरून ओरडायचे, धर तिला, पाय धर. अहो सर, पाय धरला तर फाउल होतो. मग म्हणायचे, बरं मग तसं काहीतरी कर. नियमांचं पुस्तक त्यांनी आणलं होतं, वाचलंही होतं, पण खेळ सुरू झाला की त्यांच्यातला कबड्डीवाला जागा व्हायचा. मला त्यांचा राग यायचा आणि दुसऱ्याच क्षणी दयाही यायची, कारण आमच्याबरोबर पहाटे ग्राउंडवर उभा राहणारा तो एकटाच माणूस होता.

उज्ज्वलाही मुळात त्यांनी कबड्डीसाठीच हेरली होती. हॉस्टेलला राहायची. उंच, रुंद हाडाची, बोलायला कमी. लहानपणापासून घरच्या कांदा साठवायच्या चाळीत क्रेट उचललेले, त्यामुळे हातात बळ असं की तिने पाठीवर थाप मारली तरी ठसका लागायचा. पण कबड्डीत अंगाला अंग लागतं, मला नाही आवडत, असं सरांना तोंडावर सांगून ती आमच्याकडे आली. इथे आल्यावर कळलं की बास्केटबॉलमध्ये रिंगखाली धक्के काही कमी नसतात. पहिल्या दिवशी कोपर खाऊन आली आणि मला म्हणाली, तू सांगितलं का नाहीस? मी म्हटलं, सांगितलं असतं तर तू आली असतीस का?

ती आली आणि आम्ही जिंकायला लागलो. एवढं सोपं होतं ते. आमचा फेकलेला चेंडू रिंगला लागून परत यायचाच, ते ठरलेलं. फक्त आता तो परत यायचा तो उज्ज्वलाच्या हातात. चार जणी उड्या मारायच्या आणि ही टाचा उचलून, माळ्यावरचा डबा काढावा तशी, चेंडू काढून घ्यायची. वर परत टाकायची. पुन्हा चुकला तर पुन्हा काढायची. त्या वर्षी कॉलेजांच्या स्पर्धेत पहिल्यांदा आम्ही पहिल्या फेरीतच घरी आलो नाही. दुसरीही जिंकलो. सेमीफायनलच्या दिवशी परतीचा पाऊस आला, उघड्या कोर्टावर पाणी साचलं, सामना पुढे गेला. मग परीक्षा. परीक्षेनंतर कशीबशी सेमीफायनल झाली, तीही जिंकलो. मी त्या संध्याकाळी घरी आले आणि आईला सांगितलं, फायनलला गेलो. आई म्हणाली, हात धुऊन घे.

आता फायनलचं ऐका. फायनलला आलेल्या दोन्ही टीम नाशिकच्या. त्यांचं कॉलेज आणि आमचं कॉलेज एकाच रस्त्यावर, मध्ये चार थांबे. चालत गेलं असतं तरी जमलं असतं. पण यजमानपद येवल्याच्या कॉलेजकडे, त्यांनी पाहुणे बोलावलेले, हारतुरे सांगितलेले, म्हणून फायनल येवल्याला. आणि पुढच्या फेरीची नावं विद्यापीठाकडे लगेच पाठवायची होती, म्हणून तारीख कोणती? भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसाची. सकाळची. ज्याने कुणी ती तारीख ठरवली त्याला बहीण नसावी, किंवा असली तरी तिने त्याला कधी ओवाळलेलं नसावं.

मला ती मॅच हवी होती. आज इतक्या वर्षांनी सरळ सांगते, त्या वयात मला दुसरं काहीच इतकं हवं नव्हतं. माझं शेवटचं वर्ष. घरच्यांचं म्हणणं स्पष्ट होतं, पदवीपर्यंत खेळ, मग पुरे. म्हणजे पुढच्या वर्षी बूट माळ्यावर जाणार हे ठरलेलं. जिंकलो तर विद्यापीठाच्या फेरीत खेळायला मिळणार, ते होतंच. पण त्याच्याही आधी, मला एकदा भरलेल्या कोर्टावर, टेबलावर माणसं बसलेली असताना, बोर्डावर आमच्या कॉलेजचं नाव लिहिलेलं असताना, फायनल खेळायची होती. आपण नक्की किती चांगल्या आहोत हे मला एकदा बघायचं होतं. वाकडी रिंग नाही, खड्डे नाहीत, कोर्ट सोडा म्हणणारी मुलं नाहीत. सरळ रिंग आणि समोर बरोबरीच्या मुली. हरलो असतो तर हरलो असतो.

त्या सकाळी नाशिकहून आम्ही चांगल्या वेळेत निघालो होतो. उज्ज्वला दिवाळीला गावी गेलेली. तिला तिचा भाऊ मोटरसायकलवर विंचूरच्या फाट्याला आणून सोडणार, आम्ही तिला तिथून उचलणार, असं ठरलं होतं. फाट्यावर आलो तर उज्ज्वला नाही. तिचा फोन आला. भाऊ चाकणला कंपनीत, शिफ्ट सुटली नाही, भाऊबीजेला पोचलाच नाही, आत्ता पहाटे आलाय, अजून ओवाळलं नाही. सरांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, आपणच जाऊ, वेळ आहे. आणि खरंच वेळ होता. तिच्याशिवाय जायचं हे कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. ती नसती तर आम्ही टाकलेला प्रत्येक चेंडू दुसऱ्यांच्याच हातात गेला असता.

लासलगावातून आत जाताना रस्ता मोकळा होता. तुरळक ट्रॅक्टर चालले होते, आम्ही त्यांना मागे टाकत गेलो. आज बाजार सुरू होणार म्हणून कुणीतरी म्हणालंसुद्धा. कुणाच्या डोक्यात काही शिरलं नाही. नाशिकच्या आम्ही, कांदा आम्हाला किलोत माहीत.

घरी गेलो तर अंगणात पाट, रांगोळी, आणि भाऊ आंघोळ करून बसलेला. उज्ज्वलाने ओवाळलं. झालं, निघू या म्हटलं. तिची आई म्हणाली, असं कसं, तुम्ही पण बहिणीच की. आता यावर काय बोलणार? सहा जणी जर्सीत, एकीमागे एक रांगेत उभ्या. प्रत्येकीने टिळा लावायचा, सुपारी फिरवायची, ओवाळायचं, तोंडात साखर घालायची. भाऊ बिचारा रात्रभर प्रवास करून आलेला, ओवाळून घेता घेता पेंगत होता. निरांजनातलं तूप संपलं, ते आणायला कुणी आत गेलं. मग ताटल्या आल्या. करंज्या, अनारसे, शेव. सर नको नको म्हणत दोन करंज्या खाऊन बसले. काकूंनी प्रत्येकीला कुंकू लावलं. नको म्हणावं तर माणसं इतकी मायेची, आणि हो म्हणावं तर आतून जीव तुटतोय. मी उज्ज्वलाकडे बघितलं. ती बूट घालून उंबऱ्यापाशी उभी होती आणि आईकडे अशा काही नजरेने बघत होती की मीच मान खाली घातली.

बाहेर पडलो, आणि बाजाराच्या अलीकडे व्हॅन थांबली. पुढे ट्रॅक्टर. नुसते ट्रॅक्टर. येताना तुरळक होते ते सगळे आता रांगेला लागलेले, त्यांच्यामागे आणखी आलेले, रस्ता दोन्ही बाजूंनी भरलेला. बाजार इतके दिवस बंद, सगळ्यांचा कांदा घरात, आणि पहिल्या दिवशी मुहूर्ताच्या लिलावाला पुढचा नंबर लागावा म्हणून पंचक्रोशी लोटलेली. पहिल्या ट्रॉलीला हार घालतात, पेढे वाटतात. त्या मानासाठी लोक अंधारात घर सोडतात. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी खाली उतरून, गाड्या मागे घ्या, आमची मॅच आहे, असं कुणाकुणाला सांगत पळत होते. कुणी हसलं, कुणी म्हणालं, ताई, मागं घ्यायला जागा कुठंय? खरंच नव्हती.

आणि तिथे, रांगेत बऱ्यापैकी पुढे, उज्ज्वलाचे अण्णा. स्वतःच्या ट्रॅक्टरवर, डोक्याला पांढरा टॉवेल. लेकीला ओवाळताना बघायला ते थांबले नव्हते, पहाटेच नंबर लावायला आले होते. आम्ही दिसलो तसे खाली उतरले. काय झालं ते उज्ज्वलाने सांगितलं. त्यांचा ट्रॅक्टर नेमका आमच्या व्हॅनच्या बाजूला, एका आडव्या गल्लीच्या तोंडाशी होता. तो बाजूला झाला तर व्हॅन त्या गल्लीत शिरून बाजाराला वळसा घालून निघू शकत होती. पण बाजूला व्हायला जागा नव्हती. रांग सोडायची आणि पार मागे जायचं, एवढाच मार्ग. एकदा रांग सोडली की नंबर गेला, परत कुणी घेत नाही.

अण्णांनी एकदा पुढे बाजाराच्या गेटकडे बघितलं. मग ट्रॅक्टरवर चढले आणि चालू केला. आजूबाजूचे ओरडायला लागले, अण्णा, नंबर जाईल, येडे झाले का? त्यांनी ट्रॅक्टर गल्लीत घातला, कडेला दाबून आम्हाला वाट करून दिली आणि वरून म्हणाले, “जा पोरींनो. कांदा काय उद्या बी इकंल. तुम्ही म्याच खेळा.”

व्हॅन गल्लीतून सुटली. आम्ही सगळ्या खिडकीतून हात काढून त्यांना टाटा करत होतो, ओरडत होतो. उज्ज्वला रडत होती. मला वाटलं, आता जिंकलोच. इतकं कुणी आपल्यासाठी केल्यावर हरायचं कसं? गल्ली संपली, व्हॅन वळली, अण्णा दिसेनासे झाले. आणि पुढे रेल्वेचं फाटक बंद.

मालगाडी. कांदा भरायला आलेली. ती पुढे जायची, थांबायची, मागे यायची. आमच्यासमोर तेच तेच डबे पुन्हा पुन्हा. फाटकापाशी मी रुळाकडे बघत उभी होते आणि मला त्या गाडीला शिव्या द्यायच्या होत्या, पण शिव्या तरी कुणाला देणार? गाडीची चूक नव्हती. उज्ज्वलाच्या आईची नव्हती, भावाची नव्हती, अण्णांची तर नव्हतीच. सगळं आयुष्य मी या रागाला एक तोंड शोधतेय आणि मला ते सापडत नाही. एखादा दुष्ट माणूस असता तर किती बरं झालं असतं.

येवल्याला पोचलो तेव्हा टेबल आवरत होते. बोर्डावर लिहिलेलं होतं, वीस-शून्य. समोरची टीम वेळेत आली नाही की ठरावीक वेळ थांबतात आणि मग हा स्कोअर लावतात. वीस-शून्य. एकही चेंडू वर न उडालेली मॅच. सरांनी पंचांना हात जोडले. कबड्डीत कुणापुढे गुडघा न टेकलेला माणूस, कोर्टाच्या कडेला उभा राहून विनवण्या करत होता. पंच वाईट नव्हते. ते म्हणाले, सर, माझ्या हातात नाही, सही झाली. मी समोरच्या कॅप्टनकडे गेले. म्हटलं, नुसती मैत्रीची मॅच खेळू या, निकाल तुमचाच राहू दे. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “मला पण खेळायचंय गं. असं जिंकून काय करू?” पण त्यांचे सर म्हणाले, पुढची फेरी आहे, कुणाला लागलं तर? चेंडू पिशवीत गेला आणि पिशवी गाडीत गेली.

मग कार्यक्रम. पाहुण्यांनी खिलाडूवृत्तीवर भाषण केलं. उपविजेता म्हणून आमच्या हातात एक कप दिला, गळ्यात शेवंतीचे हार घातले. जर्सीला घामाचा थेंब नाही, कपाळावर काकूंचं कुंकू जसंच्या तसं. फोटो काढला. त्या फोटोत आम्ही फार सुंदर दिसतो. मी तो कधीच कुणाला दाखवत नाही.

परतताना उज्ज्वलाला तिच्या गावी सोडायचं होतं. सर म्हणाले, कप घेऊन जा, घरी दाखव, सुट्टी संपली की आण. पुन्हा लासलगाव, पुन्हा ती रांग. आता पुढचे ट्रॅक्टर कांदा विकून मोकळे झालेले, आणि रांगेच्या पार शेवटी, टॉवेल खांद्यावर टाकून, अण्णा. त्यांचा नंबर त्या दिवशी लागणार नव्हताच. त्यांनी व्हॅन ओळखली, उडी मारून खाली आले. उज्ज्वला कप घेऊन उतरली. मी खिडकीत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

अण्णांनी विचारलं, पोचल्या? ती म्हणाली, पोचलो. त्यांनी कप हातात घेतला, वरची अक्षरं वाचली आणि म्हणाले, “दुसरा नंबर? आगं दुसरा तर दुसरा, खेळायला तर भेटलं.” आणि तो कप दोन्ही हातांनी वर धरून त्यांनी मागच्यापुढच्या ट्रॅक्टरवाल्यांना दाखवला, आमच्या पोरींचा हाय म्हणून. लोक उतरून बघायला आले. सकाळी त्यांना येडे म्हणणारेही आले. उज्ज्वलाने मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी सरांकडे बघितलं. सर खाली, आपल्या बुटांकडे बघत होते. तिथे तोंड उघडेल असा कोण माणूस असेल?

नंतर नाशिकला मी त्या दुसऱ्या कॅप्टनला खूपदा फोन केला. एका रविवारी खेळू या, एवढंसं तर अंतर आहे. ती तयार होती, अगदी मनापासून. एका रविवारी त्यांच्या कोर्टावर शिबिर निघालं. एका रविवारी आमच्या कोर्टावर लग्नाचा मांडव, कॉलेजने ग्राउंड भाड्याने दिलेलं. मग आमच्या दोघी जणी घरी गेल्या त्या आल्याच नाहीत. मग परीक्षा, मग निरोपसमारंभ. ती पुण्याला गेली. बूट माळ्यावर गेले. गेल्या वर्षी त्या कोर्टावरून गेले तर तिथे पिवळे पट्टे आखून पार्किंग केलंय, दोन्ही रिंगा काढून टाकल्यात. वाकडी होती तीसुद्धा. मला वाकड्या रिंगसाठी रडू येईल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

लोक म्हणतात, सोड ना आता, किती वर्षं झाली. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, दिवसभर रिपोर्ट हाताखालून जातात. मला कळतं की जगात लोकांना काय काय होतं आणि माझं दुःख त्यापुढे किरकोळ आहे. कळून काय उपयोग? हरलेली मॅच माणूस विसरतो. कुठे चुकलो ते कळतं, चार दिवस हात चोळतो, संपतं. न खेळलेली संपत नाही. मी भाजी चिरताना ती खेळते. सिग्नलला थांबले की खेळते. कधी आम्ही जिंकतो, कधी खूप जिंकतो, आणि चेंडू खाली पडायच्या आत सिग्नल सुटतो.

तर यंदा. ट्रॅक्टरांच्या मागे रांगत रांगत मी उज्ज्वलाकडे पोचले. अण्णा आता थकलेत, चाकण सोडून आलेला मुलगा ट्रॅक्टर चालवतो. ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले. कप टीव्हीशेजारी, कॉलेजने परत मागितलाच नाही. दर वर्षी मी गेले की ते ती गोष्ट काढतात, रांगेची, गल्लीची, मी ट्रॅक्टर काढला म्हणून पोरी पोचल्या याची. दर वर्षी मी मान डोलावते आणि उज्ज्वला चहा टाकायला आत जाते. यंदा तिची मुलगी आजोबांच्या पायाशी बसली होती. पहिलीत आहे, हात आत्ताच लांब लांब दिसतात. तिने विचारलं, मग मॅच कशी झाली?

अण्णा थांबले. मग हसून माझ्याकडे बघत म्हणाले, “म्या कुठं पाह्यली? मी तर रांगंत होतो. इतकी वर्सं झाली, हिनं बी कधी नीट सांगितलं नाय. आज तू सांग बरं पोरी, कशी झाली म्याच?”

उज्ज्वला दारात उभी होती, हातात चहाचा ट्रे. मी सांगायला सुरुवात केली. मला वाटलं होतं अडखळेन. कसलं काय. पहिला चेंडू उडाला आणि उज्ज्वलाने तो मागे टोलवला इथपासून मी सुरू झाले, आणि मला एका जागी थांबावं लागलं नाही. त्यांच्या कॅप्टनने डावीकडून कसं चकवलं, आमचे पहिले चेंडू कसे कडेला लागून परत आले, सर कसे बाहेरून पाय धर पाय धर ओरडत होते. अण्णा खदाखदा हसले. उज्ज्वलाने रिंगखालून एकामागून एक कसे चेंडू काढले ते सांगताना मी उभी राहिले, हातवारे करायला लागले. पोरगी गुडघ्यांवर उभी राहिली. अण्णांनी खुर्चीचे हात धरून ठेवलेले. बरोबरी झाली. ते पुढे गेले. आम्ही पुन्हा गाठलं. शेवटी एका पॉइंटने आम्ही मागे, वेळ संपत आलेली, आणि चेंडू माझ्या हातात. समोर सरळ रिंग. मी उडी मारली, चेंडू सोडला.

आणि तिथे मला आत टीव्हीशेजारचा दुसऱ्या नंबरचा कप दिसला.

मी म्हटलं, पुढच्या कडेला लागला. हात वाकड्या रिंगचा होता ना, हलका पडला. बाहेर आला. शिट्टी झाली.

अण्णांनी डोळे पुसले, टॉवेलाने, लपवलं नाही. म्हणाले, “एका पॉइंटानं. म्हंजी लय झुंजल्या.” मग नातीच्या डोक्यावर हात ठेवून पुन्हा तेच म्हणाले, लय झुंजल्या. मला तिथे बसवेना. निघते म्हटलं.

उज्ज्वला गाडीपर्यंत सोडायला आली. तिचे डोळे लाल, पण चेहरा संतापलेला, तसा मी तिचा रिंगखाली कोपर खाल्ल्यावरच बघितला होता. म्हणाली, “सगळी मॅच तूच रचलीस. पंच तू, चेंडू तू, दोन्ही टीम तूच. मग तो एक टाकता आला नाही तुला?”

मी म्हटलं, “मी कडेला आपटला गं. पण मला वाटलं होतं, तू काढशील.”

माझ्या पाठीवर तिने एक थाप मारली, मला ठसका लागला, आणि मी गाडी चालू केली. रस्ता ट्रॅक्टरांनी भरलेला होता.